हस्ताक्षरासारखा फॉन्ट कुठे आणि कसा वापरावा

सहज हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमध्ये रेषा कमीअधिक जाड असते, अक्षरे किंचित वरखाली होतात आणि रोमन लिपीत ती बहुधा एकमेकांना जोडलेली असतात. फ्रेंच अक्षररचनाकार रॉजे एक्सकोफाँ यांनी १९५३ मध्ये आणलेला ‘मिस्ट्राल’ हा त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतलेला असून, अशा फॉन्टचा तो आजही उत्तम नमुना आहे.

निमंत्रणपत्रिका, शुभेच्छापत्र, मुखपृष्ठावरील शीर्षक किंवा एखादी छोटी ओळ यांसाठी असा फॉन्ट खुलून दिसतो; मात्र सलग परिच्छेद, पत्ते आणि सूचना यांसाठी तो कटाक्षाने टाळावा, कारण लहान आकारात त्याचे बारीक फाटे एकमेकांत मिसळतात आणि वाचणाऱ्याचे डोळे थकतात. त्याच्या जोडीला मजकुरासाठी एकच साधा, सरळ वळणाचा फॉन्ट घ्यावा.

अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह मला विशेष घातक वाटतो. तसे केल्यास रोमन अक्षरांचे सांधे उघडे पडतात आणि देवनागरीत शिरोरेषाच तुटते. रोमन मजकूर केवळ मोठ्या (कॅपिटल) अक्षरांतही लिहू नये, कारण ती एकमेकांना जोडण्यासाठी घडवलेलीच नसतात.

फॉन्ट निवडताना ‘ममता’ हा शब्द टाइप करून पाहावा. दोन्ही ‘म’ हुबेहूब सारखे आले, तर हाताने लिहिल्याचा भास तिथेच संपतो. चांगल्या ओपनटाइप (फॉन्ट फाइलचा एक प्रकार) फॉन्टमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपे दिलेली असतात. ती सॉफ्टवेअरमध्ये सुरू करून घ्यावीत. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ आणि ‘ळ’ही तपासावेत.