राजदूत ३५०: दोन कार्ब्युरेटर जुळवताना या चुका टाळा

यामाहा आरडी ३५० वर बेतलेली राजदूत ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवली. ३४७ सीसीच्या या गाडीत दोन सिलिंडर असून प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आहे, त्यामुळे एकाच क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) बसवलेली ही दोन इंजिने आहेत असे समजूनच पान्याला हात लावावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आयडलिंग (मूठ सोडल्यावरचे इंजिनाचे संथ चालणे) बिघडले की थेट कार्ब्युरेटर उघडणे. प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट आणि कंडेन्सरही इथे दोन-दोन आहेत. एका पॉइंटची फट ०.३० ते ०.४० मिमीच्या बाहेर गेली तरी तो सिलिंडर मिसिंग करतो आणि दोष मात्र कार्ब्युरेटरमधल्या बिचाऱ्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) जातो. क्रँकचे डावीकडचे ऑइल सील कडक झाले असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि मूठ सोडल्यावरही रेस खाली येत नाही. कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू आवळून मी एकदा हे लक्षण दडपले होते. पुढे घाटात डावा पिस्टन जॅम झाला.

दुसरी चूक कानावर विसंबण्याची. इंजिन बंद ठेवून फिल्टरकडची रबरे काढावीत, दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून स्लाइडला (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेला) टेकवावे आणि दुसऱ्याला मूठ अगदी सावकाश फिरवायला सांगावे. एक स्लाइड केसभर जरी आधी उचलली, तरी बोटाला ते लगेच कळते. फरक कार्ब्युरेटरच्या डोक्यावरील केबल अ‍ॅडजस्टरने काढावा. आयडलिंगच्या स्क्रूने तो झाकू नये. मुठीकडून येणारी केबल पुढे दोन कार्ब्युरेटर आणि इंजिनाला तेल पुरवणारा ऑइल पंप अशी तीन फाट्यांत विभागली जाते. म्हणून कार्ब्युरेटरची ओढ बदलल्यावर पंपाच्या पुलीवरची खूणही पुन्हा जुळवावी लागते. हे काम बहुतेक जण विसरतात आणि इंजिनाला तेल कमी पडते.

एअर स्क्रू हवेचा असतो, पेट्रोलचा नव्हे. तो आत फिरवला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. हलकेच टेकवून साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा आणि तिथून पुढे प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे जुळवावी. जेटमध्ये तार घालू नये, एवढे सांगणे पुरे.

शेवटी गाडी चांगली तापवून मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने काही अंतर चालवावी, मूठ उघडी असतानाच इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबावा आणि दोन्ही प्लग काढून शेजारी-शेजारी ठेवावेत. मिश्रण योग्य असल्याची खूण म्हणून दोन्ही सारखेच तपकिरी दिसेपर्यंत काम संपलेले नाही.