कोमोच्या तळ्याकाठी, घरगुती हॉटेलात

इटलीतल्या कोमोच्या तळ्याकाठी चार-पाच रात्री एकाच हॉटेलात काढाव्यात. रोज गाव बदललं की अर्धा दिवस बॅगा ओढण्यात जातो. शिवाय एकाच कुटुंबाने चालवलेली, वीस-पंचवीस खोल्यांची हॉटेलं हंगामात एका रात्रीसाठी खोली द्यायला नाखूश असतात. १५ ऑगस्टला फेरागोस्तो हा सण असतो. त्याच्या मागेपुढे सगळी इटली सुट्टीवर असते आणि किमान रात्रींची अट हमखास येते. मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर हा काळ सोयीचा. नोव्हेंबर ते मार्च यांतली बरीचशी हॉटेलं कुलूपबंद असतात.

आधी गाव, मग हॉटेल

गाडी नसेल तर व्हारेना गाठा. मिलानो सेंत्राले, म्हणजे मिलानच्या मुख्य स्टेशनवरून साधारण तासाभराचा प्रवास आहे. स्टेशनच्या फलकावर व्हारेनाचं नाव शोधत बसू नका, गाडी सोंद्रियो किंवा तिरानोची असते. तिकीट कागदी असेल तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड जागेवरच. व्हारेना स्टेशनवरून धक्का दहा मिनिटांच्या उतारावर आहे आणि धक्क्यावरून बेलाज्जो बोटीने पंधरा मिनिटांवर.

गावाचा जुना भाग पायऱ्यांचा आहे. चाकांची मोठी बॅग आणि गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील, तर बुकिंगपूर्वीच दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत येते का, आणि लिफ्ट खोलीच्या मजल्यावर थांबते का. जुन्या इमारतींत लिफ्ट असूनही तिच्यापर्यंत पोचायला आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात. नुसतं "लिफ्ट आहे का?" विचारलं, की उत्तर प्रामाणिकपणे "आहे" असं येतं.

ऊन कुठल्या बाजूला, तेही बघा. व्हारेना पूर्व काठावर असल्यामुळे तिथे दुपार-संध्याकाळचं ऊन मिळतं आणि सूर्यास्त समोर दिसतो. जुलैत मात्र एसी नसलेली खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. पश्चिम काठावर, त्रेमेत्सो-मेनाज्जोकडे, सकाळचं ऊन छान असतं आणि संध्याकाळी डोंगराची सावली लवकर पडते. त्याच काठावर कित्येक ठिकाणी हॉटेल आणि पाणी यांच्यामधून रेजिना हा मुख्य रस्ता जातो. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तळं दिसतं आणि ट्रकही ऐकू येतात, म्हणून वरचा मजला मागा. "व्हिस्ता लागो" म्हणजे समोर तळं. पुढे "लातेराले" जोडलेलं असेल तर बाल्कनीत उभं राहून मान वाकडी करायची तयारी ठेवा. दिवसभर बोटीवर फिरणार असाल तर डोंगराकडची खोली घ्यावी, असं आमचं मत. ती स्वस्त पडते, आणि तळं खाली जेवणघरातून दिसतंच.

हॉटेलला थेट ईमेल

बुकिंगच्या संकेतस्थळावर हॉटेल निवडा, पण मग एकदा थेट लिहा. उत्तर बहुधा मालकीणबाई किंवा त्यांचा मुलगा देतो. कुठली खोली शांत, कुठल्या खोलीत तिसरा पलंग मावतो, हे त्यांनाच ठाऊक असतं. इंग्रजी चालतं, फक्त वाक्यं छोटी हवीत. तारखा, माणसं, मुलांची वयं, पलंग जोडलेला हवा की वेगळे, नुसता नाश्ता की रात्रीचं जेवणही, आणि पोचण्याची वेळ, एवढं पहिल्याच मेलमध्ये लिहा. पाटीवर "गार्नी" असेल तर तिथे फक्त नाश्ता मिळतो.

थेट बुकिंगला बहुतेक वेळा "कापारा", म्हणजे आगाऊ रक्कम मागतात. इथे भारतीय पासपोर्टवाल्यांनी सावध राहावं. शेंगेन व्हिसासाठी राहण्याची सोय दाखवावी लागते आणि व्हिसा नाकारला तर कापारा परत मिळेलच असं नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द होणारं बुकिंग ठेवा, किंवा "व्हिसा नाकारल्यास रक्कम परत" हे मेलमध्ये लेखी घ्या. बुकिंगच्या पत्रावर सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. नुसतं "पाटील कुटुंब, ४ जण" असेल तर ते लगेच बदलून मागा.

पोचल्यावर

रात्रभर रिसेप्शन असेलच असं धरू नका. मंडळी स्वयंपाकघरातही तीच आणि काउंटरवरही तीच. रात्री उशिरा पोचणार असाल तर आधी कळवा, म्हणजे दाराचा कोड किंवा किल्लीची जागा सांगून ठेवतात. प्रत्येकाचा पासपोर्ट मागितला जातो, लहान मुलांचाही. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे २४ तासांत करणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा झेरॉक्सवर भागत नाही. माणशी दर रात्री लागणारा पर्यटक कर खोलीच्या भाड्यात सहसा धरलेला नसतो आणि तो काही ठिकाणी रोखीतच मागतात. सुटे युरो जवळ असू द्या.

खोलीत चहाची किटली बहुधा नसते. बारमध्ये गरम पाणी मागितलं तर मिळतं, चहा-पावडर आणि गाळणी आपली. भारतीय तीन पिनांचा प्लग बसत नाही. मोबाइल चार्जरचा बारीक दोन पिनांचा चालतो, बाकीसाठी अडॅप्टर न्या. कमोडजवळ धुण्यासाठी हँड-शॉवर शोधू नका, त्यासाठी शेजारी बिडे, म्हणजे बसकं बेसिन असतं.

शाकाहारी जेवण

रात्रीच्या जेवणासकट खोली म्हणजे "मेत्झा पेन्सिओने". पाण्यासकट पेयांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात. जेवण साधारण सात-साडेसातला सुरू होतं, आणि पुष्कळ ठिकाणी रात्रीचे पदार्थ सकाळी नाश्त्यालाच निवडून सांगायचे असतात. हे विसरलात तर जे उरेल ते.

नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. रिसोत्तो या मऊ भातात मांसाचा रस्सा असू शकतो. "ब्रोदो व्हेजेताले?", म्हणजे रस्सा भाज्यांचा आहे का, असं विचारा. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात बहुधा नसतं. गोडात, पान्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध विरजवणारं रेनेट असतं, म्हणजे काटेकोर शाकाहारींनी तेही वगळायला हवं. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा" हे कागदावर लिहून आदल्या दिवशी स्वयंपाकघरात द्या. मांस, मासे आणि अंडी नकोत, हे त्यात सगळं आलं. तळ्याकाठचं पोट भरणारं जेवण म्हणजे पित्सोक्केरी: कुट्टूच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, बटाटा, कोबी, लोणी, लसूण आणि भरपूर चीज. एक ताट दोघांत पुरतं. पोलेंता उंचा म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीत चीज-लोणी, तीही चीज खाणाऱ्यांना चालते. अडचण दुसऱ्या फेरीत येते, जिथे मासा किंवा मांस ठरलेलं. त्याऐवजी काय देणार, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर चारही रात्री भाजलेली वांगी-झुकिनी येते. जैन मंडळींनी मात्र मेत्झा पेन्सिओने घेऊ नये. कांदा-लसूण काढून स्वयंपाक करणं या छोट्या स्वयंपाकघरांना जमत नाही.

दिवस आणि परतीची गाडी

पोहायचं तर सकाळी. दुपारनंतर दक्षिणेकडून ब्रेव्हा वारा सुटतो आणि पाणी उसळतं. काठ गोट्यांचा असल्यामुळे पाण्यात घालायच्या चपला हव्यात. जूनमध्येही पाणी चांगलंच गार असतं. बोटीने व्हारेना, बेलाज्जो, मेनाज्जो असं फिरायचं असेल तर मध्य तळ्याचा दिवसभराचा पास विचारा. शेवटची बोट किती वाजता, हे सकाळीच धक्क्यावरच्या तक्त्यात पाहून ठेवा, वेळा हंगामानुसार बदलतात.

खोली सकाळी दहा-साडेदहाला सोडावी लागते, बॅगा खाली ठेवून देतात. विमान पहाटेचं असेल तर शेवटची रात्र मिलानमध्येच काढा. रेल्वेचा संप इटलीत अधूनमधून होतो आणि तो आधी जाहीर झालेला असतो. संपाच्या दिवशी, वार कामाचा असेल तर, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेतल्या ठरावीक लोकल गाड्या सोडतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काउंटरवर "शोपेरो?" (संप आहे का?) एवढं विचारलं की घरचं कुणीतरी फोनवर पाहून सांगतं.