साहेबाने इस्लामवर लिहिलेलं जुनं पुस्तक वाचायचं कसं

ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक स्क्रीनशॉट फिरतो. पिवळट पान, जुना टाईप, एका वाक्याखाली लाल रेघ आणि सोबत मेसेज, "बघा, इंग्रजांनीच लिहून ठेवलंय". कधी ते वाक्य इस्लामला झोडपणारं असतं, कधी तोंडभरून कौतुक करणारं, पाठवणारे वेगळे असतात पण खात्री दोघांची सारखीच. मी पण अशी पानं बिनधास्त फॉरवर्ड करायचो, मग एकदा मूळ पुस्तक उघडून बसलो आणि चांगलाच आपटलो. तेव्हापासून ही पुस्तकं वाचायची माझी एक पद्धत झालीय, ती इथे सांगतो. उदाहरण मुख्यतः विल्यम म्यूरचं घेतो, कारण पैगंबरांवर इंग्रजीत लिहिणाऱ्या जुन्या लेखकांमध्ये भारतात सगळ्यात जास्त वाद याच्या पुस्तकावर झाला.

आधी पुस्तक शोधायचं. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन फुकट मिळतात, पण आजच्या स्पेलिंगने सर्च केलं तर अर्धी पुस्तकं सापडतच नाहीत, तेव्हाचे लोक महोमेट, कोरान, मोहमेडन असं काहीही लिहायचे, ते सगळे प्रकार टाकून बघा. मोहमेडन हा शब्द तर स्वतःच एक खूण आहे. ख्राइस्टवरून ख्रिश्चन तसं मोहम्मदवरून मोहमेडन, असा सरळ हिशोब, पण मुसलमान काही पैगंबरांची पूजा करत नाहीत.

आणि आवृत्ती बघा, प्लीज. म्यूरचं पैगंबरचरित्र पहिल्यांदा १८५८ ते १८६१ मध्ये चार खंडांत आलं, १८७७ मध्ये एका खंडात काटछाट करून आलं त्यात तळटीपा बऱ्याच उडाल्या, आणि १९२३ ची आवृत्ती तर दुसऱ्याच माणसाने सुधारलेली, म्यूर १९०५ लाच गेलेला. खरी मजा तळटीपांत असते म्हणून चार खंडवालीच घ्या.

आता मुख्य काम. पुस्तक वाचायला घ्यायच्या आधी लेखक ते लिहिताना कुठल्या खुर्चीत बसला होता ते काढायचं. म्यूर कोणी प्रोफेसर नव्हता, १८३७ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा सिव्हिल सर्व्हंट. चरित्र लिही म्हणून त्याच्या मागे लागला तो फांडर नावाचा जर्मन मिशनरी, त्याला मुसलमानांच्या हातात देता येईल आणि त्यांच्याच मान्य ग्रंथांवर उभं असेल असं चरित्र हवं होतं, आणि हे म्यूर प्रस्तावनेत लपवत नाही, स्वतःच सांगतो. हाच फांडर १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवींसमोर जाहीर वादाला बसला होता आणि तिथे त्याची बरीच दमछाक झाली. मग आलं १८५७. तेव्हा म्यूर आग्र्याच्या किल्ल्यात सरकारचं गुप्तवार्ता खातं सांभाळत होता. म्हणजे एकीकडे बंडाच्या बातम्या गोळा करायच्या आणि पुढच्या वर्षी पहिले दोन खंड बाजारात. हे डोक्यात ठेवून वाचलं की प्रस्तावना वेगळीच लागते. म्हणून प्रस्तावना सोडून पहिल्या प्रकरणावर उडी मारू नका, या पुस्तकांत सगळ्यात प्रामाणिक पानं बऱ्याचदा तीच असतात.

पण म्हणून म्यूर खोटारडा होता असं म्हणून पुस्तक मिटलं तर तीही चूकच. त्याने अरबी शिकून इब्न हिशाम, तबरी, वाकिदी अशा जुन्या मुसलमान इतिहासकारांचे मूळ ग्रंथ वापरले, त्याआधीच्या कितीतरी युरोपियन लेखकांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. मग करायचं काय? मी दोन पेन्सिली घेतो, स्कॅन असेल तर दोन हायलाइट. एका रंगाने घटना, दुसऱ्या रंगाने शेरा. समजा वाक्य असं आहे (हे माझंच, नमुन्यापुरतं): "मदिनेत आल्यावर त्याने धूर्तपणे त्या टोळीशी करार केला." करार केला ही घटना, ती मूळ ग्रंथात सापडते का ते तपासता येतं. धूर्तपणे हा शब्द लेखकाच्या खिशातला. असं वीस पानं केलं की दुसरा रंग कुठे दाटतो ते दिसायला लागतं, आणि म्यूरमध्ये तो दाटतो मदिनेत. मक्केतले पैगंबर त्याला बऱ्यापैकी प्रामाणिक वाटतात, हातात सत्ता आली की त्याच्या लेखी ते बिघडतात, आणि पुस्तक बरंचसं या साच्यात बसवलेलं आहे. शेवटी शेवटी तर तो लिहून टाकतो की पैगंबरांची तलवार आणि कुराण हे सभ्यता, स्वातंत्र्य आणि सत्य यांचे जगाने पाहिलेले सगळ्यात हट्टी शत्रू आहेत. स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा हेच वाक्य असतं! हजारावर पानांत अरबी ग्रंथांची छाननी, आणि फिरतं ते एक वाक्य ज्याला तळटीपच लागू शकत नाही.

यानंतर त्याच काळातलं उत्तर शोधा, ही पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात. म्यूरला उत्तर दिलं सर सय्यद अहमद खान यांनी. १८६९ मध्ये ते मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले, तिथल्या लायब्रऱ्यांत बसले, कर्ज काढून पुस्तक छापलं, १८७० ला ते आलं. आता खुर्च्या बघा बरं: तेव्हा म्यूर वायव्य प्रांताचा (म्हणजे साधारण आजच्या उत्तर प्रदेशाचा) लेफ्टनंट गव्हर्नर आणि सय्यद अहमद त्याच प्रांतातल्या न्यायखात्यात नोकरीला, म्हणजे साहेबाच्या पुस्तकाला हाताखालचा माणूस लंडनमध्ये छापून उत्तर देतोय. आणि उत्तरात नुसता संताप नाही. त्यांचा एक मोठा मुद्दा असा की म्यूर ज्या वाकिदीवर इतका विसंबतो त्याला जुन्या मुसलमान हदीस अभ्यासकांनीच (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या परंपरेने आलेल्या नोंदी) कच्चा ठरवलंय. दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून एकच प्रसंग वाचा, तीन संध्याकाळी जातील पण जातील त्या सत्कारणी.

हंटर या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याचं मुसलमानांवरचं १८७१ चं पुस्तक पण याच रीतीने काढा. राणीविरुद्ध बंड करणं मुसलमानांना धर्मानेच बंधनकारक आहे का, हा प्रश्न व्हाइसरॉय मेयोने टाकला आणि हंटरने पुस्तक लिहिलं, म्हणजे प्रश्नच सरकारी. त्यात तो स्वतः सांगतो की माझं बोलणं खालच्या बंगालपुरतं आहे, पण शीर्षक अख्ख्या हिंदुस्तानच्या मुसलमानांचं, आणि लोक कोकणातल्या मुसलमानालाही तेच लावून मोकळे होतात. यालाही सय्यद अहमदनी लगेच जाहीर उत्तर दिलेलं आहे.

कौतुकाची पानं पण सोडायची नाहीत हां. कार्लाइल या स्कॉटिश लेखकाचं पैगंबरांवरचं १८४० चं लंडनमधलं व्याख्यान खूप फिरतं, त्याने पैगंबरांना ढोंगी म्हणायची जुनी सवय झिडकारली हे खरंच, पण त्याच व्याख्यानात कुराण वाचणं किती कंटाळवाणं आणि गोंधळाचं आहे तेही तो बोलून गेलाय, तेही सेल नावाच्या माणसाने केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून. कौतुकवाल्या स्क्रीनशॉटमध्ये तेवढं कापलेलं असतं.

आता आपल्या घरचा विषय. मराठीत शिवकाळावर वाद घालणारा प्रत्येक जण कधी ना कधी एलियट आणि डाउसन या इंग्रजांनी काढलेल्या, जुन्या इतिहासांच्या इंग्रजी उताऱ्यांच्या आठ खंडांपाशी येतोच (१८६७ ते १८७७). यातले उतारे खरोखरच्या फारसी इतिहासांतले, फक्त कुठले घ्यायचे ते साहेबाने ठरवलेलं. एलियटने १८४९ मध्येच लिहून ठेवलं होतं की हे वाचून आमच्या राज्यात किती सुख आहे ते रयतेला कळेल. जिथे उतारा तुटतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि पुढे मूळ ग्रंथात काय आहे ते शोधा. तरी गंमत अशी की यातल्याच सातव्या खंडात खाफीखान हा मोगल इतिहासकार भेटतो, महाराजांना वाट्टेल ते बोलणारा, आणि तोच सांगतो की मशिदीला हात लावायचा नाही आणि कुराण हाती आलं तर मानाने मुसलमान माणसाकडे द्यायचं असा त्यांचा नियम होता. म्हणजे पुस्तक फेकूनही चालत नाही. भाषांतराच्या चुका शोधायच्या असतील तर होडीवाला या पारशी अभ्यासकाने १९३९ मध्ये मुंबईतून या खंडांवर दुरुस्त्यांचं जाडजूड पुस्तक काढलंय, ते बाजूला ठेवा.

एक शेवटचं, मुखपृष्ठावरचं नाव. दख्खनी मुसलमानांच्या रीतीरिवाजांवरचं कानून-ए-इस्लाम १८३२ मध्ये इंग्रजीत आलं, लोक ते हर्कलॉट्सचं म्हणून सांगतात. तो मद्रासकडचा सर्जन, त्याने लिहून घेतलं आणि भाषांतर केलं. बारसं, लग्न, मोहरम हे सगळं लिहिणारा जाफर शरीफ, एल्लोरचा (वेरूळ नव्हे, आंध्रातलं एलुरू), स्वतः मुसलमान. लायब्ररीत शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर क्रूक नावाच्या संपादकाने १९२१ मध्ये नवीन नाव देऊन काढलेली आवृत्ती हातात येईल आणि तुम्ही जुनी समजून वाचत बसाल.