नॉनस्टिकला रजा, बिडाचा तवा ताजा

घरातला नॉनस्टिक तवा उजेडात धरून बघा. मधोमध ओरखडे, कडेला पोपडे दिसले, तर त्याला रजा द्या.

घाबरू मात्र नका. पोटात गेलेला कोटिंगचा कण बहुधा तसाच बाहेर पडतो. अडचण धुराची आहे. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच 260 अंश सेल्सिअस ओलांडतो, कोटिंग बिघडायला लागतं आणि त्या धुराने पिंजऱ्यातले पोपटही मेलेले आहेत. दुसरी अडचण कारखान्यातली. हे कोटिंग बनवताना पूर्वी पीएफओए वापरत. पीफास, म्हणजे फ्लोरीन असलेल्या टिकाऊ रसायनांच्या कुळातलं हे रसायन कुजत नाही. शरीरात गेलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच काही वर्षं जातात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि शेजारच्या ओहायोत ते पिण्याच्या पाण्यात उतरलं. तिथल्या सुमारे 69 हजार लोकांच्या माहितीवरून मूत्रपिंडाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांच्याशी त्याचा संबंध दिसला. आता ‘पीएफओए-फ्री’ लिहिलेलं असतं, पण म्हणून तवा पीफासमुक्त होत नाही. ते कोटिंगच त्या कुळातलं.

तवा धड असेल तर आधी तेल, मग मंद आच, आणि कालथा लाकडी. पोळी-भाकरी त्यावर नकोच, कारण त्यासाठी तवा कोरडाच तापवावा लागतो. ते काम लोखंडी तव्याचं.

घावन-धिरड्यांसाठी बिडाचा तवा आणा. काथ्याने घासून दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवा, धुवण रोज बदला. मग धुऊन लगेच पुसा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. मंद आचेवर ठेवून तेल लावा, अर्धा कांदा काट्याला टोचून सगळीकडे फिरवा. कांदा काळा पडला की कापून पुन्हा. माझी पहिली तीन धिरडी खरवडूनच काढावी लागली. चौथ्याची कडा आपोआप उचलली. रोज धुतल्यावर तेलाचा हात विसरू नका. साबण शक्यतो टाळा.

पीफास टाळायचे बाकी उपाय किरकोळ. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या पिशवीऐवजी कढईत लाह्या फोडा. डाग न धरणारं सोफ्याचं कापड घेऊ नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा. पाणी उकळून पीफास जात नाही, आरओने बरंच कमी होतं.