नळाला धार नाही, पाइप ठोके देतोय? आधी हे तपासा

नळाची धार कमी झाली की आपण प्लंबरला फोन करतो आणि तो येऊन म्हणतो, ‘प्रेशर पंप बसवून टाका.’ आमच्याकडेही असंच झालं. पंप घ्यायच्या आधी सहज गच्चीवर गेलो, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा! टाकी धुवायला आलेल्यांनी तो बंद केला होता आणि नंतर पुरता उघडलाच नव्हता.

म्हणून पहिली पायरी हीच: घरातले सगळे नळ एकेक करून सोडून बघा. धार एकाच नळाची कमी आहे, सगळ्यांची, की फक्त गरम पाण्याची?

एकच नळ असेल तर तोंडाशी असलेली जाळी फिरवून काढा. घट्ट बसली असेल तर कापड गुंडाळून पक्कड लावा, नाहीतर पॉलिशवर ओरखडे येतात. जाळी काढून नळ सोडा. आता धार जोरात आली तर चोर सापडला. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर जाळीवर दगडासारखा बसतो. अर्धा-पाऊण तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरलाही हाच उपाय. जाळी काढूनही धार बारीकच राहिली तर सिंकखालचा अँगल कॉक (भिंतीतून पाणी येतं तिथला छोटा कॉक) पूर्ण उघडा आहे का ते पाहा.

फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गीझरच्या इनलेटचा, म्हणजे पाणी आत जातं तिथला, कॉक तपासा.

सगळेच नळ मंद असतील तर गच्चीवर जा. लांब दांड्याचा व्हॉल्व्ह असेल तर दांडा पाइपाच्या रेषेत हवा. पाइपाला आडवा म्हणजे बंद. चाकाचा असेल तर शेवटपर्यंत उघडा. टाकीतून पाइप निघतो तिथे जवळच एक उभा, उघड्या तोंडाचा हवेचा पाइप असतो. टाकी भरताना त्यातून पाणी उडतं म्हणून कुणीतरी त्याला बूच मारतं, मग लाइनमध्ये हवा अडकते. बूच काढा, पाइप टाकीपेक्षा उंच करा. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली असेल तर सगळ्यात खालचा नळ सोडून ठेवा. फुरफुर थांबेपर्यंत बंद करू नका.

हे सगळं ठीक असूनही शॉवर रडत असेल, तर मात्र हिशोब उंचीचा आहे. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार (दाब मोजायचं एकक) दाब मिळतो. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीचा तळ यांत जेमतेम ६ फूट अंतर असतं, म्हणजे ०.२ बारसुद्धा नाही. इथे पंप खरोखर लागतो. तो टाकीनंतर बसवा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं बेकायदा आहे.

आता ठोके. आवाज नेमका *कधी* येतो ते दोन दिवस ऐका.

नळ झटकन बंद केल्यावर किंवा वॉशिंग मशीन पाणी घेऊन थांबल्यावर एकच ‘ठक्’ आला, तर तो वॉटर हॅमर. पाइपातून धावणारं पाणी एकदम अडतं आणि तो धक्का पाइपाला बसतो. मशीनचा अँगल कॉक थोडा कमी करा. भरायला दोन मिनिटं जास्त लागतील, चालतं. मग भिंतीबाहेर दिसणाऱ्या पाइपावर हात ठेवून मशीन सुरू करा: जिथे पाइप हातात उसळतो, तिथला क्लॅम्प (पाइप भिंतीला धरणारी पकड) सैल आहे. स्क्रू आवळा किंवा मध्ये रबराची पट्टी घाला. तरीही थांबलं नाही तर प्लंबरकडून हॅमर अरेस्टर, म्हणजे हा धक्का झेलणारा छोटा भाग, बसवून घ्या.

नळ अर्धा उघडल्यावर घरघर होते? आतला वॉशर सैल झालाय. अँगल कॉक बंद करून वॉशर बदला. टाकी भरत आल्यावर थडथड होत असेल तर बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) पाण्यावर नाचतोय. इमारतीची मोटर बंद होताच धाडकन आवाज येत असेल तर पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटतोय. ते काम सोसायटीचं. गरम पाणी सोडल्यावरची बारीक टिकटिक म्हणजे पाइप तापून पसरतोय, तिच्याकडे दुर्लक्ष करा. गीझरमधून उकळल्यासारखी खदखद येते ती आतल्या क्षाराची. तिथे मात्र स्वतः हात घालू नका, मेन स्विच बंद करून मेकॅनिक बोलवा.

ठोक्यांबरोबर भिंतीला ओल दिसली तर तपासत बसू नका. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि प्लंबरला बोलवा.