पावसाळ्याआधी गाडीत सीबी रेडिओ बसवायचा असेल तर

सावळघाट उतरून पेठ-सुरगाण्याच्या आतल्या रस्त्यांना लागलं की मोबाइलची रेंज जाते, आणि नेमकं तिथेच पुढची गाडी चिखलात रुतल्याचं मागच्यांना कळवायचं असतं. म्हणून पावसाच्या तोंडावर नाशिकच्या थार-जिम्नी-गुरखावाल्यांत सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओची, म्हणजे मोबाइलच्या टॉवरशिवाय गाडी ते गाडी बोलता येणाऱ्या सेटची, चौकशी सुरू होते. बहुतेक जण आधी सेट बघतात: डिस्प्ले केवढा, बटणं किती. माझं मत उलट आहे. सेट साधा चालेल. पैसा, वेळ आणि डोकं अँटेना व तिच्या अर्थिंगवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीशी असलेल्या तिच्या विद्युत-जोडणीवर, खर्च करा.

पण खिशात हात घालण्याआधी कायदा बघा. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. अमेरिकन सेटवर ४० चॅनेल असतात आणि ते २७.४०५ पर्यंत जातात. हिशेब मांडला तर १ ते २७ एवढेच चॅनेल आपल्या पट्ट्यात बसतात, २८वा २७.२८५ वर, म्हणजे हद्दीबाहेर. तेव्हा २८ ते ४० आपल्यासाठी नाहीतच असं समजा. एसएसबी (सिंगल साइडबँड) हा प्रसारणाचा वेगळा मोड असलेले महागडे सेटही आपल्या कामाचे नाहीत, कारण त्या मोडमध्ये ते १२ वॉटपर्यंत जातात. विकणाऱ्याकडे दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची उपकरण-मंजुरी, म्हणजे ईटीए, मागा आणि तिची प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. परदेशातून मागवलेला सेट या कागदाशिवाय कस्टम्समध्ये अडकू शकतो. देवळालीचा तोफखान्याचा परिसर आणि ओझरचा विमानतळ ओलांडताना सेट बंद ठेवलेला बरा. उगाच कुणी गाडी बाजूला घ्यायला लावायला नको.

दुसरी चौकशी सोबत्यांकडे करा. बाकीच्या गाड्यांत ४४६ मेगाहर्ट्झचे विनापरवाना वॉकीटॉकी असतील, तर तुमचा एकट्याचा सीबी मुका. ताफ्याने मिळून एकच ठरवायचं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, वाटेल त्या फ्रीक्वेन्सीवर लावता येणारे हँडसेट मात्र परवान्याशिवाय घेऊ नका. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा देऊन परवाना काढलेला कुणी ग्रुपमध्ये असेल तर त्याची गोष्ट वेगळी.

आता अँटेना. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ११ मीटर, म्हणून पाव लांबीची पूर्ण अँटेना पावणेतीन मीटरची होते. ती सर्वांत चांगली. पण हरसूलच्या झाडीत आणि शेतवाटेवर लोंबणाऱ्या विजेच्या तारांखाली तेवढी काठी घेऊन जायचं म्हणजे संकटाला आवतण. ४ फुटी फायबरग्लासची, आत तार गुंडाळलेली अँटेना हा मधला मार्ग. २ फुटी दिसते छान, ऐकू कमी येतं. बुडाशी स्प्रिंग घ्याच. फांदी लागली की काठी वाकेल, ब्रॅकेट उखडणार नाही.

कुठे बसवायची, यावर निम्मा निकाल लागतो. पत्र्याचं छत असेल तर मधोमध चुंबकाच्या बैठकीवर, याला तोड नाही. थार आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून निघते, तरी आपल्या गाडीचं छत कशाचं आहे हे अनेकांना माहीत नसतं. फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. घसरलं तर छताचा नाद सोडा आणि बॉनेटच्या बिजागरीजवळ किंवा मागच्या स्टेपनीशी ब्रॅकेट घ्या. अँटेनाचा निम्म्याहून जास्त भाग छताच्या वर राहील असं बघा. परदेशी व्हिडिओत ती बुलबारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, दिसते. आपल्याकडे बुलबारलाच २०१७ च्या डिसेंबरपासून मनाई आहे, त्यामुळे तो विषय संपला. ब्रॅकेट अंबड-सातपूरचा कुठलाही फॅब्रिकेटर जाड पट्टीतून करून देईल. स्टेपनीचा दरवाजा बिजागऱ्यांवर लटकलेला असतो आणि बिजागरीतून मिळणारं अर्थिंग भरवशाचं नसतं. दरवाजा ते बॉडी अशी विणलेल्या तांब्याची पट्टी जोडा.

अर्थिंग तपासायला ओहमवर लावलेला मल्टिमीटर पुरतो. एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. शून्याच्या आसपास आकडा हवा. आकडा मोठा आला किंवा आलाच नाही तर बोल्ट काढून बघा. नव्वद टक्के वेळा त्याखाली काळं पावडर कोटिंग चकाकत असतं. वॉशरच्या मापाएवढा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करा, दातेरी वॉशर घाला, कसा, आणि वरून ग्रीस लावा, नाहीतर श्रावणापर्यंत गंज चढेल. आमच्याकडच्या पावसात हे टाळून चालत नाही.

केबल ५० ओहमची आरजी-५८. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, ती कुणी ‘चालते हो’ म्हणून दिली तरी घेऊ नका. दरवाज्यात चेपली जाणार नाही अशी न्या, उरलेली घट्ट गुंडाळून कोंबू नका.

सेटला करंट थेट बॅटरीवरून द्या. लायटरच्या सॉकेटवरून दिला की अल्टरनेटरची शिट्टी फुकट मिळते. फ्यूज बॅटरीजवळ. तरीही खरखर राहिली तर आधी डॅशकॅमचा चार्जर उपटून बघा, मग एलईडी बार बंद करून. माइक गिअरच्या वाटेत नको आणि एअरबॅगच्या समोर तर नकोच.

सगळं जोडलं तरी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत येते ते दाखवणारा मीटर, लावल्याशिवाय बटण दाबून बोलू नका. चुकीच्या अँटेनावर बोललं की सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जातो. गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळा माळ बघा, दारं-बॉनेट बंद करा, माणसं लांब उभी करा. आधी चॅनेल १, मग २७. चॅनेल १ वर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड आहे, टोकाचा स्क्रू थोडा बाहेर काढा. २७ वर जास्त आला तर लांब आहे, आत घ्या. दोन्हीकडे दीडच्या आत आलं की उत्तम, दोनपर्यंत चालवून घ्या. दोन्हीकडे तीनच्या वर असेल तर काठीला हात लावू नका. दोष अर्थिंगमध्ये किंवा केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये आहे.

पल्ल्याबद्दल कुणी पंचवीस किलोमीटर सांगितलं तर हसून सोडून द्या. माळावर गाडी ते गाडी काही किलोमीटर, घाटात मध्ये डोंगर आला की त्याहून बरंच कमी. म्हणून मधल्या गाडीने निरोप पुढे पोचवायचा हे निघण्याआधीच ठरवा, आणि एक मुख्य व एक राखीव चॅनेलही. दुपारी कधी भलत्याच देशातले आवाज घुसले तर सेट बिघडलेला नसतो. आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परतलेल्या लहरी असतात. स्क्वेल्च, म्हणजे कमजोर आवाज गाळणारं बटण, थोडं चढवा.

आणि परत येताना सोसायटीच्या तळघरात गाडी घालण्याआधी अँटेना उतरवा. तिथल्या स्प्रिंकलरची दुरुस्ती कमिटी तुमच्याकडूनच वसूल करेल.