पहिली रंगीत तालीम : लहान मुलं, त्यांचे पालक आणि नव्या ताई

नाचाच्या वर्गात न चुकता नाचणारी पाच वर्षांची मुलगी नाट्यगृहाच्या स्टेजवर गेली की जागीच थिजते. शिकवणाऱ्या नव्या ताईंना वाटतं नाच कच्चा राहिला, म्हणून त्या चार दिवस जादा तालमी लावतात. मूल आणखी दमतं आणि अडचण होती तिथेच राहते. नाच तिला येतच असतो. विंगेतल्या, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या पडद्याआडच्या, काळोखात थांबणं, डोळ्यांवर येणारा लाइट, समोर आरसा नसणं आणि नाच संपल्यावर कुठे जायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. रंगीत तालीम, म्हणजे पोशाख आणि लाइटसकट स्टेजवरची पूर्ण तालीम, असते ती यासाठी. स्टेप सुधारायची ती वर्गात. तालमीच्या दिवशी एकही स्टेप बदलायची नाही, हे आधी स्वतःलाच बजावा.

तारीख ठरवताना खान्देशचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, नातवंडं मामाच्या गावाला जातात, त्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा असतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, भाऊबंद मूळ गावी जमतात. तो रविवार आणि सोमवार तालमीसाठी विसरा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, शेतीवाल्या घरातून मुलांना दुपारी आणून सोडायला कोणी मोकळं नसतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा तालीम सकाळी ७ ते १० मध्येच उरका. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या उघड्या जागी उन्हात फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाहीत. डिसेंबरच्या रात्री त्याच जागेवर मुलं काकडतात. तेव्हा विंगेपर्यंत स्वेटर अंगावर राहू द्यायचा, पण पुढून चेनचा. डोक्यातून काढायच्या स्वेटरने अंबाडा मोडतो. पारोळा, पाचोरा, धरणगावकडून एसटीने येणारी मुलं असतील तर त्यांचा नंबर परतीच्या गाडीच्या वेळेवरून ठरवा.

तयारी तीन आठवडे आधी सुरू होते, आणि पहिलं काम म्हणजे आरशावर चादर टाकणं. लहान मुलं आरशातल्या मैत्रिणीला बघून नाचतात. स्टेजवर आरसा गेला की आधारच जातो. वर्गाचे पहिले दोन-तीन तास चुका होतील, होऊ द्या. त्यानंतर मुलांची तोंडं आरशाच्या विरुद्ध भिंतीकडे फिरवा, कारण खिडकी, दार, फळा या खुणांवरूनही ती दिशा ओळखत असतात. ‘दाराकडे वळा’ असं शिकवलं असेल तर स्टेजवर दार कुठून आणायचं? डावं-उजवं पाच वर्षांच्या मुलाला पक्कं नसतं. दोन बाजूंना दोन रंग द्या, लाल विंग आणि पिवळी विंग. वर्गात दोन्ही भिंतींवर त्या रंगाचे कागद चिकटवा आणि तेच कागद नाट्यगृहात न्या.

स्टेज स्वतः जाऊन मोजा. पडद्याच्या आतली रुंदी आणि खोली, दोन्ही. वर्ग साधारण १५ फूट रुंद आणि स्टेज ३० फूट रुंद असेल तर मुलं मधोमध गोळा होऊन नाचतात आणि दोन्ही कडा मोकळ्या राहतात. शाळेचं मैदान किंवा मंगल कार्यालयाचा हॉल तासभर मिळाला तर खडूने तेवढाच चौकोन आखा आणि त्यात दोनदा नाच घ्या. स्टेजवर प्रत्येक मुलाच्या जागी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा, चार बोटं लांब. पट्टी जमिनीला पूर्ण चिकटलेली हवी, सुटलेल्या टोकात अनवाणी बोट अडकतं. गालिचा अंथरलेला असेल तर त्याच्या कडा पट्टीने दाबा. फरशी लाकडी असेल तर खिळे आणि कुसळं हाताने चाचपून बघा. झाडू मारून झाल्यावर ओलं पोतेरंही फिरवा, नुसत्या झाडण्याने धूळ राहते आणि पाय घसरतात.

स्टेजवर आत कसं जायचं आणि बाहेर कसं यायचं, यावर नव्या ताई सगळ्यात कमी वेळ देतात आणि फजिती तिथेच होते. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी केली की पुढच्या मुलीची ओढणी ओढली जाते. त्यापेक्षा सुती दोरीला दीड-दीड फुटावर गाठी मारा, एका मुलाला एक गाठ. आठ मुलांना आठ गाठी. गाठ हातात असली की रांग आपोआप लागते, अंतर राहतं, आणि अंधारात एखादं मूल कमी असेल तर मोकळी गाठ लगेच कळते. विंगेच्या तोंडाशी दोरी मदतनीस ताईच्या हाती द्यायची आणि मग आत जायचं. बाहेर येण्याचा सराव आत जाण्याच्या दुप्पट करा. नमस्कार झाला की लहान मुलं टाळ्या ऐकत उभीच राहतात. ‘नमस्कार, वळा, लाल विंग’ हे तीन बोल नाचाचाच भाग म्हणून रोज म्हणवून घ्या. एक गट लाल विंगेतून बाहेर पडतो तेव्हा पुढचा पिवळीतून आत यायला हवा. दोन्ही एकाच विंगेत आले की धडकाधडकी ठरलेली.

काळोखाची सवय वर्गातच लावता येते. ट्यूबलाइट बंद करायची, सगळ्यांनी जागेवर उभं राहून पाचपर्यंत मोजायचं, मग लाइट. आठवडाभर रोज दोनदा. भुसावळच्या पुढे रात्री गाडी थांबली आणि डब्यातला दिवा गेला तर आपण जागेवरच बसतो ना, तसंच, असं सांगितलं की मुलांना पटतं. वीज जाण्याचाही सराव यातच होतो : गाणं थांबलं, अंधार झाला की जिथे आहात तिथे खाली बसायचं, ताई टाळी वाजवतील. आवाजाचंही तसंच आहे. मोबाइलवर ऐकलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर मुलांना ओळखू येत नाही, काही जण कानावर हात ठेवतात. तालमीआधी निदान दोनदा मोठ्या स्पीकरवर गाणं लावा.

गाण्याची फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, नावाआधी क्रमांक टाका आणि तिसरी प्रत विमान मोडवरच्या फोनमध्ये असू द्या. ब्लूटूथवर भरवसा नको, मध्येच कोणाचा फोन येतो आणि घंटी सगळ्या नाट्यगृहात वाजते. सुरुवातीला तीन सेकंद शांतता हवी. कथकच्या गटासाठी नाच सुरू होण्याआधी लेहऱ्याचं (साथीला सतत वाजणाऱ्या धुनेचं) एक आवर्तन, म्हणजे तीनतालाच्या १६ मात्रा मोकळ्या ठेवा; मुलांना लय पकडायला वेळ मिळतो. चार ते सहा वर्षांच्या मुलांचा नाच अडीच मिनिटांच्या पुढे नेऊ नका.

घुंगरू लहानांना पट्टीवरचे, चिकटपट्ट्याचे (वेल्क्रोचे) द्या, एका पायात २५ पुरतात. खाली सुती पट्टी गुंडाळा, नाहीतर घाम आला की घोटा सोलतो. दोरीत ओवलेले असतील तर प्रत्येक गाठ आदल्या दिवशी ओढून बघा. एक घुंगरू स्टेजवर सुटलं की पुढच्या गटातलं कोणीतरी त्यावर पाय देतं.

भाड्याचे पोशाख आदल्या संध्याकाळी आले तर ते मापाचे नसणार, हे गृहीत धरा. आठ दिवस आधी मागवा आणि वर्गात एकदा अंगावर घालून पूर्ण नाच घ्या. घागरा घोट्याच्या वर दोन बोटं असावा. नाडीला दोन गाठी आणि आत चड्डी हवीच. नऊवारी असेल तर शिवलेली घ्या. ओढणीला तीन ठिकाणी पिन : खांदा, कंबर, पाठ. दोनच लावल्या तर गिरकी घेताना ती गळ्याभोवती येते. सेफ्टी पिना चार डझन, बॉबपिना, सुई-दोरा, इलॅस्टिक, दोन जुने टॉवेल आणि ओले रुमाल एका डब्यात, आणि तो डबा एकाच माणसाच्या ताब्यात. केस आदल्या दिवशी धुवायचे. तेल लावलेल्या केसांत पिना टिकत नाहीत आणि त्याच दिवशी धुतलेले केसही निसटतात. मेकअपचा थोडा नमुना आदल्या दिवशी कानामागे लावून बघा, लाली आली तर तो वापरू नका. आलता वाळायला १५ मिनिटं द्या. आणि कपडे चढवण्याआधी सगळ्यांना बाथरूमला न्या, मूल ‘नाही लागली’ म्हणालं तरी.

आता पालक. त्यांचीही तालीम घ्यावी लागते, आणि ती दहा दिवस आधी अर्ध्या तासाच्या बैठकीत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर टाकून भागत नाही. बऱ्याच घरांत मुलाला आजोबा नाहीतर आजी आणून सोडतात, त्यांच्यासाठी तीच माहिती बोलून पाठवा. घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीत. मुलांशीही तसंच करा. खेड्यातून नवीन आलेलं मूल ‘आठे ये’ म्हटलं की जितक्या पटकन येतं, तितकं ‘इकडे ये’ म्हटल्यावर येत नाही.

बैठकीत चार गोष्टी स्पष्ट सांगा. पोहोचायची वेळ नाचाच्या एक तास आधीची, मुलं पोशाख घालूनच येतील की तिथे घालायचा, बरोबर काय आणायचं, आणि न्यायला कोण येणार. शेवटचं लेखी घ्या. मुलाला एक क्रमांकाची चिठ्ठी, तीच पालकाला. चिठ्ठी दाखवल्याशिवाय मूल सोडायचं नाही, मग समोर सख्खे काका का असेनात. मुलाचं नाव आणि फोन नंबर पोशाखाच्या आतल्या बाजूला पिनेने लावा, बाहेर दिसेल असा नको.

विंगेत पालक नकोत. दर आठ मुलांमागे दोन आया मदतीला घ्या, पण त्यांचं स्वतःचं मूल त्या गटात नसावं. आई दिसली की मूल आईचं होतं, गटाचं राहत नाही. बाकीचे पालक पाचव्या रांगेपासून मागे बसतील. पहिल्या रांगेतून हात हलवला की मूल नाच थांबवून हात हलवतं. फोटो मात्र तालमीलाच काढू द्या, शेवटच्या फेरीत, फ्लॅश बंद ठेवून. त्यामुळे कार्यक्रमाच्या रात्री पुढे येऊन मोबाइल धरणारे कमी होतात. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, हेही तेव्हाच बोला.

जेवण दोन तास आधी, वरण-भात किंवा पोळी-भाजी. शेवभाजी, भरीत, मिरचीचा ठेचा त्या दिवशी राहू द्या. मधल्या वेळेला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, धावपळीत घशात अडकतात. बाटलीत साधं पाणी, सरबत नको, पोशाखावरचा डाग निघत नाही.

एका गटाला २० मिनिटं धरा. पहिली पाच मिनिटं जागा दाखवायला आणि लाइट अंगावर घ्यायला. मग गाण्याशिवाय आत-बाहेर. मग गाण्यावर पूर्ण नाच, न थांबवता. मग एकदाच दुरुस्ती, स्टेपची नव्हे, जागांची आणि आत-बाहेरची, आणि पुन्हा पूर्ण नाच. एका फेरीनंतर दोनच चुका सांगा, लहान मुलं तिसरी ऐकत नाहीत. सगळ्यात लहान गट सगळ्यात आधी घ्या आणि घरी पाठवा. समोरून हात दाखवणाऱ्या ताईंनी स्टेजला चिकटून खाली बसू नये, मुलांच्या माना खाली जातात. तिसऱ्या रांगेमागे, मधल्या वाटेत उभ्या राहा. नजर आपोआप वर येते.

एखादं मूल रडलंच तर त्याला ओढून पुढे उभं करू नका. विंगेत मदतनीसाच्या शेजारी बसून त्याला पहिली फेरी बघू द्या. ‘घाबरू नको’ म्हटल्याने भीतीच आठवते. त्याऐवजी छोटं काम द्या, ‘माझी दोरी धर, गाठी मोज.’ दुसऱ्या फेरीला बहुतेक मुलं स्वतःहून उठतात. उठलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्टेजवर एकटं फिरवता आलं तर फिरवा. पालकांनी तिथे चॉकलेटचं आमिष किंवा ‘बघ, ती बघ कशी नाचते’ हे दोन्ही टाळावं. बैठकीतच तसं सांगितलेलं असलं की त्या वेळी वाद होत नाही.

तालीम संपली की पोशाख घरी पाठवू नका. नाव लिहिलेल्या पिशवीत घडी करून वर्गातच ठेवा, पिना काढून. त्या रात्रीच पालकांना निरोप जाऊ द्या : उद्याची वेळ, कोणाचं काय राहिलंय, आणि कोणाची ओढणी शिवून हवी आहे ते.